नमुनारावांचा मुक्काम

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली तेव्हा जोडणीबाई नुकत्याच केस धुऊन बाल्कनीत बसल्या होत्या. दार सासूबाईंनी उघडलं. बाहेर पाणीपुरवठा खात्याचा माणूस हातात नवा कोरा मीटर घेऊन उभा होता आणि त्याला नमुनाराव भेटायला हवे होते.

"कोण नमुनाराव?" सासूबाईंनी विचारलं.

"नमुना नागरिक. वय सदुसष्ट. पत्ता हाच आहे बघा. नळाचं कनेक्शन मंजूर झालंय त्यांचं."

"आमच्या घरात नमुने बरेच आहेत," सासूबाई म्हणाल्या, "पण या नावाचा कुणी नाही. अगं, तुझ्या ऑफिसातले कुणी आहेत का हे?"

बाल्कनीत जोडणीबाई केसांचा टॉवेल सोडून ताडकन उठल्या. नमुनारावांना त्यांच्याइतकं जवळून कुणीच ओळखत नव्हतं, कारण त्यांना जन्माला घातलं होतं ते बाईंनीच.

बाईंचं पद फार लांबलचक होतं. निरनिराळ्या सरकारी खात्यांचं माहिती तंत्रज्ञानाचं धोरण एकत्र आणायचं आणि लोकांना सगळ्या सेवा एकाच जागी ऑनलाइन द्यायच्या, असं त्यांचं काम. दारावरच्या पाटीवर पद मावेना, म्हणून ते दोन ओळींत लिहिलं होतं, आणि लोकांना दुसरी ओळ वाचायचा कंटाळा. त्यामुळे सगळे त्यांना जोडणीबाईच म्हणत. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. सहा खात्यांचे सहा कंप्युटर, सहा पासवर्ड आणि सहा साहेबांचे सहा रुसवे त्यांनी खरोखरच जोडले होते. पूर्वी घर बदललं की माणसाला सहा खिडक्यांवर तोच पत्ता सहा वेळा सांगावा लागे, आणि पाचव्या खिडकीनं मान्य केलेला पत्ता सहावीला मान्य नसे. आता नियम झाला होता: सरकारला एकदा सांगितलं की पुरे.

दुसरा नियम बाईंच्या विशेष लाडका होता. एखाद्या खात्यानं कुणाची नोंद हरवली, तर बाकीच्या पाच खात्यांनी ती आपणहून भरून द्यायची. नागरिकानं एक जिनाही चढायचा नाही. हे ठरलं त्या बैठकीत बाईंनी विचारलंही होतं, की मग एखादी नोंद सगळीकडूनच काढून टाकायची असेल तर ती कुणी काढायची? त्यावर सहाही साहेब एकदम ताठ झाले. आमच्या नोंदीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, म्हणाले. तीन वर्षांत त्या सहा जणांचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट. बाईंनी मोडता घातला नाही, आणि माशी तिथंच शिंकली.

कारण चाचणीसाठी त्यांनी एक काल्पनिक नागरिक तयार केला होता. नाव नमुना, आडनाव नागरिक. पत्ता मात्र नकाशावरचा खरा लागत होता, म्हणून बाईंनी आपल्याच घराचा दिला. उगाच कुणा परक्याला त्रास नको. मग प्रत्येक खात्यानं आपलं काम चालतं का ते बघायला नमुनारावांना काही ना काही दिलं. पाणीवाल्यांनी नळ दिला, परिवहननं वाहन चालवायचा परवाना दिला, आरोग्यवाल्यांनी चष्म्याचा नंबर दिला, ग्रंथालयानं कार्ड दिलं, पशुविभागानं कुत्र्याचा बिल्ला दिला, आणि शाळाखात्यानं प्रवेशाची चाचणी म्हणून सहा वर्षांचा एक मुलगा दिला. यंत्रणा खरोखरची सुरू होण्याआधी प्रोग्रामरनं नमुनारावांना काढून टाकायचं होतं. त्यानं ते काढलेही, पाणीखात्यातून. बाकीच्या पाच खात्यांना वाटलं पाणीखात्यानं माणूस हरवला. त्यांनी तो इमानेइतबारे परत भरला.

सोमवारी बाईंनी प्रोग्रामरला बोलावलं. प्रोग्रामर हा दोन मुलांचा बाप, शांत माणूस.

"हा जिवंत कसा?" बाईंनी विचारलं.

"बाई, यंत्रणा उत्तम चालतेय."

"ते मला माहीत आहे. हा जाणार कसा?"

"सहाही खात्यांनी एकाच वेळी पुसला तर जाईल. एक जरी मागं राहिलं, तर त्याच्याकडून परत सगळीकडे येईल."

बाईंनी कपाळाला हात लावला. सहा खात्यांनी एकाच वेळी करायची गोष्ट. त्या इमारतीत सहा खाती एकाच वेळी जेवायलासुद्धा बसत नसत.

आणि शुक्रवारी मुख्य सचिव येणार होते. प्रात्यक्षिक बघून ते ठरवणार होते की ही सामायिक यंत्रणा चालू ठेवायची, की ज्यानं त्यानं आपली जुनी चूल पुन्हा मांडायची. जुन्या चुलीच्या बाजूनं सगळ्यात पुढे होते पाणीवाले साहेब. ते बाईंना पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होते. आपल्या खात्याची माहिती दुसऱ्याला दिसणं म्हणजे आपल्या घरात दुसऱ्यानं डोकावणं, असं त्यांचं मत. अस्तित्वातच नसलेला माणूस सरकारात नळ, परवाना आणि पोरगा घेऊन बसलाय हे सचिवांना कळलं असतं, तर बाईंची तीन वर्षांची मेहनत दुपारच्या चहाआधी पाण्यात गेली असती.

बाई खात्याखात्यात फिरल्या. मंगळवारी परिवहननं लगेच पुसलं, पण शाळाखात्याच्या मॅडम म्हणाल्या की पालकाचं नाव काढायला पालकाची संमती लागते. संमती द्यायला पालक नाही, हे बाईंनी समजावून सांगितलं. मग मुलाला वाऱ्यावर सोडता येणार नाही, म्हणाल्या. तोवर परिवहनमध्ये नमुनाराव परत आले होते. बुधवारी मॅडमनी मन घट्ट करून पुसलं, तेव्हा पशुविभागाचे डॉक्टर दौऱ्यावर होते. कुत्र्याच्या बिल्ल्यामागून कुत्र्याचा मालक आला आणि मालकामागून त्याचा मुलगा. शिवाय प्रत्येक पुनरागमनानंतर यंत्रणा बाईंच्याच घरी निरोप धाडायची, की आपली नोंद सुखरूप मिळाली आहे, तसदीबद्दल क्षमस्व.

घरी तर रीघ लागली. शाळेतून शिक्षिका आल्या, मुलगा वर्गात का येत नाही म्हणून. परिचारिका आली, त्याची लस राहिली म्हणून. पशुविभागाचा माणूस आला आणि कुत्रा दाखवा म्हणून दारातच बसला. सासूबाई आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. अनोळखी माणसांशी बोलायची त्यांना मुळातच आवड, आणि निवृत्तीनंतर ती भागत नव्हती. त्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि सगळ्यांकडून सगळं काढून घेतलं.

बुधवारी संध्याकाळी बाई दमून आल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "तू करतेस काय नेमकं, ते मला आज कळलं."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. बाई पर्स हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आमच्या बोर्डावर एक लाइन गेली की आम्ही दुसरीवरून फिरवून द्यायचो," सासूबाई म्हणाल्या. "माणसाचं बोलणं तुटू द्यायचं नाही. तू तेच करतेस, फक्त सरकारचं. इतकी वर्षं मी लोकांना सांगतेय, सुनेचं काहीतरी कंप्युटरचं आहे."

"आई, शुक्रवारी बहुतेक ते बंदच होणार आहे."

"का?"

"तुमच्या त्या नमुनारावांमुळे."

सासूबाईंनी त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला.

गुरुवारी बाईंनी सहाही खात्यांना फोनवर एकत्र धरलं. मी तीन म्हटलं की पुसायचं, असं ठरलं. एक म्हणून झाल्यावर ग्रंथालयाचे साहेब म्हणाले, तीनवर की तीननंतर? बाईंनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तीन म्हटलं. पाच खात्यांत नमुनाराव नाहीसे झाले. पाणीवाले साहेब म्हणाले, "अरेरे, माझा पासवर्ड कालच संपलेला दिसतोय." त्यांच्या आवाजात अजिबात दुःख नव्हतं. बाईंच्या पडद्यावर नमुनाराव मुलाबाळासह परत हजर झाले.

शुक्रवारी सभागृहात सहाही साहेब इस्त्रीचे कपडे घालून बसले. मुख्य सचिव बारीक अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. बाईंनी पत्ता बदलून दाखवला, दाखला काढून दाखवला, सगळं सुरळीत झालं. मग पाणीवाले साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"बाई, ते नमुनाराव दाखवा ना साहेबांना."

"कोण नमुनाराव?" सचिवांनी विचारलं.

बाईंना सावरून घेता आलं असतं. चाचणी आहे, किरकोळ बाब आहे, असं काहीतरी म्हणता आलं असतं. पण आठवडाभर खोटं निस्तरून त्यांचा जीव विटला होता.

"साहेब, असा माणूसच नाही," त्या म्हणाल्या. "चाचणीसाठी आम्ही तो तयार केला. आता सहाही खाती मिळून आठवडाभर त्याला पुसायचा प्रयत्न करताहेत आणि तो जात नाही."

पाणीवाले साहेब समाधानानं मागे टेकले.

"जात नाही म्हणजे?"

"तुम्हीच बघा."

सचिव उठून पडद्याजवळ आले. त्यांना नाही कोण म्हणणार, सहाही साहेबांनी आपापले पासवर्ड टाकून दिले, पाणीवाल्यांनीसुद्धा. त्यांनी परिवहनमधून नमुनाराव पुसले. क्षणभरात ते परत आले. त्यांनी आरोग्यातून पुसले, परत आले. मग त्यांना जरा चेवच चढला. त्यांनी कोटाच्या बाह्या मागे सारून पाणी, ग्रंथालय, कुत्रा, शाळा असे भराभर वार केले, पण एक हात सहा ठिकाणी किती पुरणार. सचिव थांबले तेव्हा नमुनाराव पडद्यावर जसेच्या तसे होते, चष्म्याच्या नंबरासकट.

सचिवांनी बाह्या पुन्हा खाली ओढल्या.

"म्हणजे," सचिव सावकाश म्हणाले, "खऱ्या माणसाची नोंद आपण हरवू शकणार नाही?"

"ठरवून हरवायची म्हटली तरी नाही, साहेब," बाई म्हणाल्या, आणि म्हणतानाच त्यांच्या लक्षात आलं की आपण केवढी मोठी गोष्ट केली आहे.

"माझ्या वडिलांची नोंद एका खात्यानं हरवली होती," सचिव म्हणाले. "मी याच सरकारात अधिकारी होतो, आणि तरी ते माणूस असल्याचं सिद्ध करत जिने चढत राहिले." मग ते खुर्चीत येऊन बसले. "यंत्रणा चालू राहील. पुसायचा अधिकार कुणाला, ते आज इथेच ठरवा. ठरल्याशिवाय कुणी उठायचं नाही. आणि या गृहस्थांना काढू नका. रोज सकाळी एका खात्यानं यांना पुसायचं. परत आले, म्हणजे आपलं काम नीट चाललंय."

"साहेब, पहिला मान आमच्या खात्याला हवा," पाणीवाले साहेब लगेच म्हणाले. "सगळ्यांच्या आधी त्यांना आमच्याच इथून पुसलंय." त्यांची छाती खरोखर फुगली होती. बाईंना त्यांचा राग आला नाही. आज त्यांना कुणाचाच राग येत नव्हता.

घरी येताच बाईंनी सासूबाईंना सगळं सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "आई, आता त्यांचा पत्ता बदलून ऑफिसचा करते. एकदा सांगितलं की पुरे. उद्यापासून तुम्हाला कुणाचा त्रास नाही."

"कशाला बदलतेस?" सासूबाई म्हणाल्या. "राहू दे की. मला कसला आलाय त्रास?"

बाई काही बोलणार तोच बेल वाजली. शेजारच्या काकू होत्या. आठवडाभर या दारात सरकारी माणसांची ये-जा बघून त्यांना राहवेना. घरात नवीन कोण आलंय, असं त्यांनी आडून आडून विचारलं. बाई आतल्या खोलीत कपडे बदलता बदलता थांबून ऐकू लागल्या.

"आमचे नमुनाराव," सासूबाई म्हणाल्या. "सरकार रोज सकाळी उठून त्यांना पुसतं. पण आमच्या सुनेनं जोडलेलं आहे ते, कुणाच्या बापाच्यानं तुटायचं नाही. बसा, चहा टाकते."