लाल रेघेपर्यंत कूलंट

रोज सकाळी सात वाजता तज्ज्ञ आपल्या गाडीचं बॉनेट उघडत आणि ते सगळ्या इमारतीला कळावं एवढ्या जोरात खाकरत. 'तज्ज्ञ' हे नाव त्यांना इमारतीनं दिलं होतं. त्यातली थट्टा न कळलेले इमारतीत ते एकटेच.

निवृत्तीआधी ते एका गोदामात तपासनीस होते. दुसऱ्यानं मोजलेल्या मालापुढे बरोबरची खूण करायची, एवढंच काम त्यांनी तीस वर्षं केलं आणि त्यालाच ते अनुभव म्हणत. दीड वर्षापूर्वी त्यांनी सतरा वर्षांची जुनी गाडी घेतली. तिच्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यांनी न वाचताच रद्दीत टाकलं, कारण पुस्तकं अडाण्यांसाठी असतात. मग पार्किंगच्या भिंतीवर तक्ता चिकटवला: तारीख, कूलंट, खूण. टाकीवर पातळीची खूण सापडेना, म्हणून बायकोचं नेलपॉलिश पळवून स्वतःच लाल रेघ मारली. शेजारच्या दुसऱ्या टाकीला कुणी चुकून हात लावू नये म्हणून तिच्यावर मार्करनं ठळक लिहिलं, 'हात लावू नये'.

"इंजिन थंड असतानाच बघायचं," ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत. "इंजिन गार ठेवायला कूलंट लागतं आणि जुनं इंजिन ते पितं. माझं आठवड्याला पेलाभर पितं. मी लाल रेघेपर्यंत भरतो. विषय संपला!"

विषय कधीच संपत नसे. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य तर हल्ली त्यांचा आवाज आला की जिन्यातच थांबून राहत.

त्यांची बायको एका शाळेत विज्ञान शिकवायची. सव्वीस वर्षं पोरांना उष्णता शिकवलेल्या या बाईला घरच्या गाडीचं बॉनेट उघडायची मात्र परवानगी नव्हती. "तुला त्यातलं कळत नाही," असं तज्ज्ञांचं मत होतं, आणि तज्ज्ञांकडे मतांचा कधी तुटवडा नसे.

त्या दिवशी दहा वाजता तिची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. ही जागा दोनदा तिच्या हातून निसटली होती आणि निवृत्तीला तीन वर्षं उरल्यामुळे ही शेवटची संधी होती. रात्री धड झोपही लागली नव्हती.

"मी रिक्षानं जाते," ती म्हणाली.

"घरात गाडी असताना? लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणत नाहीत हो. तुम्हीच म्हणता."

पण तज्ज्ञांनी किल्ली हातात घेतली होती. सव्वानऊला दोघं निघाले. पुढच्या काचेवर धूळ होती, म्हणून त्यांनी पाण्याचा फवारा मारला. काचेवरून हिरवट, चिकट ओघळ आले.

"किती दिवस सांगतेय, हे पाणी हिरवं का येतं?"

"शेवाळ. जुन्या गाडीत होतं."

"आणि चिकट?"

"चिकट शेवाळ."

दहा मिनिटांनी तिचं लक्ष काट्याकडे गेलं. "अहो, तापमानाचा काटा वर चाललाय."

"तो काटा वेडा आहे. सकाळीच कूलंट बघितलंय मी. खूण केलीय."

"लाल भागात गेला!"

"काट्याला काय कळतंय?"

पुढच्या चौकात बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला आणि गाडी बंद पडली. मागच्यांनी भोंग्यांचा गजर केला. तज्ज्ञांनी उतरून रुमालानं बॉनेट उघडलं आणि ते विजयी चेहऱ्यानं मागे वळले. "बघ! कूलंट काठोकाठ आहे. रेघेला टेकलंय. म्हणजे बिघाड दुसरा कसला तरी आहे!"

घड्याळात नऊ बत्तीस झाले होते. तिनं नवऱ्याकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाऊन ती मेकॅनिकला घेऊन आली. तो स्कूटरवरून आला, बॉनेटमध्ये डोकावला आणि लाल रेघेवर बोट टेकवून वळला.

"काका, ही लाल रेघ कुणी मारली?"

"मी. दीड वर्ष रोज तपासतोय."

"ही काच धुवायच्या पाण्याची टाकी आहे."

तज्ज्ञ हसले. अडाण्यांना ते असंच हसत. "झाकणावर चित्र बघ. वाफ काढलीय. वाफ म्हणजे गरम, गरम म्हणजे कूलंट."

"ती वाफ नाही. ही काच, आणि हे तिच्यावर उडणारं पाणी. तुम्ही दीड वर्ष कूलंटनं काच धुताय. कूलंटची टाकी ही शेजारची." त्यानं फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसली आणि अक्षरं सावकाश, मोठ्यानं वाचली, "हात लावू नये."

"हे कुणी लिहिलं?" त्यानं विचारलं.

बाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मुलाखतीची धास्ती केव्हाच पळाली होती.

"हिच्यात थेंब नाही. कोरडी ठणठणीत," मेकॅनिक म्हणाला. "इंजिन थंड होईपर्यंत झाकण उघडता येणार नाही, अर्धा तास तरी जाईल. तोवर ताई, तुम्हाला सोडून येऊ का कुठं?"

"शाळेत. दहाच्या आत."

"अगं, स्कूटरवरून? मुलाखतीला?" तज्ज्ञ ओरडले. "आणि मी काय करू?"

"खूण करा," ती म्हणाली आणि स्कूटरवर बसली.

मेकॅनिक परत येईपर्यंत तज्ज्ञ भर चौकात उभे राहून भोंगे खात होते. तशातही गाडी का बंद पडली ते त्यांनी दोघातिघांना समजावून सांगितलं. चूक गाडी बनवणाऱ्यांची होती. टाक्या इतक्या जवळ ठेवतं का कुणी?

आठवडाभरानं गाडी दुरुस्त होऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तज्ज्ञ खाकरत खाली उतरले. भिंतीवरचा तक्ता गायब होता आणि बॉनेटवर एक कागद चिकटवला होता. दंतवैद्य तो वाचत उभे होते आणि आज प्रथमच तज्ज्ञांना बघून जिन्याकडे पळाले नाहीत.

कागदावर तीनच शब्द होते, 'हात लावू नये'. अक्षर बायकोचं होतं. खाली तिची सही आणि सहीखाली कोऱ्या करकरीत शिक्क्याचा ठसा: मुख्याध्यापिका.