अनंतकाकांची गेम कंपनी

आमच्या आळीतले अनंतकाका टीव्ही लावायच्या आधी त्याला उदबत्ती ओवाळत आणि मग ओरडत, "कंपनी सुरू!"

कंपनी म्हणजे पेणमधली त्यांची ओटी, एक रंगीत टीव्ही, त्याला जोडलेला व्हिडिओ गेम आणि आम्ही सगळी कार्टी. नव्वदच्या दशकात एवढं भांडवल पुष्कळ होतं. काका स्वतः कधी खेळत नसत. मागे उभे राहून "मार उडी! अरे, मार!" म्हणून ते असे किंचाळत की खेळणाऱ्यापेक्षा त्यांनाच जास्त घाम यायचा.

बघता बघता कंपनी वाढली! रोह्याजवळ वरसे गावात काकांच्या बहिणीच्या पडवीत शाखा निघाली. पेण विरुद्ध रोहा सामना ठरला. पण दोन्हीकडे मिळून टीव्ही एकच. काकांनी तो चादरीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि आम्ही एसटीत बसलो.

गणपती तोंडावर आले होते. त्या दिवसांत पेणच्या एसटीत मांडीवर झाकलेलं काही दिसलं, की ते काय आहे हे कुणी विचारत नाही. लोकांनी सरकून जागा दिली. ड्रायव्हरने खड्डे चुकवले. एका आजीने चादरीवर जास्वंद ठेवून हात जोडले. काकांनी मुकाट्याने सगळा मान घेतला आणि मी हसू दाबत वायरी सांभाळल्या.

सामना काय रंगला म्हणून सांगू! शेवटच्या डावात पेण जिंकलं. काका पडवीभर नाचत असतानाच नातवाला शोधत तीच आजी दारात आली. तिने आधी चादर ओळखली, मग टीव्ही पाहिला.

"मेल्या, देव कुठं हाय?"

ही बातमी आमच्याआधी पेणला पोचली. दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका काकांच्या दारात उभ्या, पुढे माझी आई.

"पोरं बिघडवलीत ती बिघडवलीत, आता देवाच्या नावानं टीव्ही फिरवता? कंपनी बंद!"

काका भांडतील अशी आमची खात्री होती. त्यांनी वायरी काढल्या आणि टीव्ही उचलून आईपुढे ठेवला.

"चूक माझी हाय, वैनी. हा न्या. पण पोरांना येऊ द्या. बायको गेल्यापासून या घरात आवाज नव्हता ओ."

आईने पदर सारखा केला.

"पोरं येतील," ती म्हणाली. "आणि रात्रीचं जेवायला तुम्ही आमच्याकडं यायचं."