सासऱ्यांच्या गाडीतली पिवळी कोंबडी

यंत्रांचं आणि माझं गेल्या जन्मीचं नातं आहे! मी वॉशिंग मशीनच्या कंपनीत फोनवर तक्रारी घेतो. पलीकडे माणूस रडत असतो, त्याच्या घरात गुडघाभर फेस झालेला असतो, आणि मी थंडपणे सांगतो, "मशीन बंद करा, जरा थांबा, परत चालू करा." निम्मी मशिनं तेवढ्यानेच सुधारतात. उरलेली गिऱ्हाइकं कंटाळून फोन ठेवतात. म्हणजे तक्रार दोन्हीकडे मिटलीच की!

त्यामुळे गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. गाडी बंद केली, जरा थांबलो, परत चालू केली. दिवा होताच! अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखं ते चित्र माझ्याकडे टक लावून बघत होतं.

मग मात्र घाबरलो. कारण गाडी सासऱ्यांची होती!

माझे सासरे कवायतीचे निवृत्त मास्तर. गाडीच्या काचांना त्यांचं वेगळं फडकं, आरशांना वेगळं, आणि त्या फडक्यांना हात लावायची सासूबाईंनासुद्धा बंदी. आम्ही आमची गाडी विकलेली, सासू-सासरे आठवडाभर सासऱ्यांच्या धाकट्या भावाकडे निघालेले, म्हणून बायकोने हट्ट करून ही गाडी मागून घेतली. किल्ली देताना सासऱ्यांचा आवाज दाटून आला होता. मुलगी दिली तेव्हा तर शीळ घालत होते!

आणि ते आज दुपारी परत येणार होते. त्यांना स्टेशनवर घ्यायला जायचं होतं. त्यांच्याच गाडीतून!

"गॅरेजला टाक ना," बायको म्हणाली.

"गॅरेजवाला रोज संध्याकाळी बाबांबरोबर पत्ते कुटतो! गाडी दारात थांबायच्या आत त्यांना फोन जाईल!"

"मग?"

"घरीच दुरुस्त करतो. इंजिन म्हणजे शेवटी काय? कपडे न धुणारं वॉशिंग मशीन!"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की त्या कोंबडीची नजर परवडली.

ऑफिसातल्या एका मित्राकडून मी गाडीचा रोग ओळखणारं यंत्र आणलं. काडेपेटीएवढी डबी. ती स्टिअरिंगखाली खोचायची, मोबाइलला जोडायची, की गाडी स्वतःच्या तोंडाने सांगते कुठं दुखतंय ते. मी पार्किंगमध्ये जाऊन डबी खोचली, मोबाइलवर यादीत समोर आलेलं पहिलंच नाव दाबलं. लगेच निदान हजर! "तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही."

"स्पार्क प्लग!" मी ओरडलो. "तिसरा काढून साफ करायचा, की झालं!"

बॉनेट उघडलं. पाना लावला. प्लग हलेना! मी पाय बंपरला टेकवून जोर केला. प्लग तसाच, माझी कंबर मात्र जागेवरून हलली.

पलीकडच्या जागेत शेजारचे दातांचे डॉक्टर स्वतःच्या गाडीत बसून गाणी ऐकत होते. घरात त्यांच्या बाईसाहेब ऐकू देत नाहीत. त्यांची गाडी हुबेहूब आमच्यासारखीच, फक्त धुतलेली नाही. माझं कण्हणं ऐकून ते उतरले. त्यांना कण्हण्याची सवय असते.

"काय काढताय?"

"तिसरा."

"वरचा की खालचा?"

"डॉक्टर, प्लग!"

"एकच हो. मुळाशी धरायचा, हळूहळू सैल करायचा. सरका तुम्ही." त्यांनी बाह्या सरसावल्या, पाना घेतला आणि इंजिनाला म्हणाले, "दुखलं तर हात वर करा."

तेवढ्यात मी मदत म्हणून पान्याला वरून एक धक्का दिला. कट्! प्लगचा पांढरा भाग तुटून माझ्या हातात आला.

"मधे कशाला हात घातलात?" डॉक्टर खेकसले. "पेशंटचे नातेवाईक म्हणजे ना!" राहिलेला तुकडा त्यांनी सफाईने बाहेर काढला आणि रागारागाने स्वतःच्या गाडीत जाऊन बसले. गाणी पुन्हा सुरू झाली.

मी तुटक्या प्लगकडे बघत उभा राहिलो. निदान दिवा तरी विझवावा, म्हणून मोबाइलवरचं 'दोष पुसा' हे बटण दाबलं. कोंबडी ढिम्म! पण पलीकडून किंकाळी आली.

"विझला! माझा दिवा विझला! महिनाभर पेटला होता!"

मी त्यांच्या खिडकीशी धावलो. "डॉक्टर, तुमच्या गाडीतही अशीच डबी आहे का?"

"आहे की. कायम खोचलेलीच असते. का?"

का म्हणजे? माझा मोबाइल त्यांच्याच डबीला जोडला गेला होता! मी मघापासून त्यांच्या गाडीची नाडी बघत होतो, आणि ऑपरेशन सासऱ्यांच्या गाडीचं केलं होतं!

बायको खाली आली. तिने तुटलेला प्लग पाहिला, मला पाहिलं, आणि डॉक्टरांना म्हणाली, "डॉक्टर, बाबांची ट्रेन येईल आता. काहीतरी करा हो."

डॉक्टर देवमाणूस! क्षणभर विचार करून म्हणाले, "माझी गाडी आज कुठे जात नाही. माझा प्लग बसवू. तिसरा सोडून कुठलाही घ्या." त्यांनी आपल्या गाडीचा दुसरा प्लग अलगद काढून आमच्या गाडीत बसवला. मला त्यांनी तिथं फिरकूही दिलं नाही. टॉर्च धरायचं काम दिलं, आणि तीही मी त्यांच्याच डोळ्यांवर धरली.

गाडी सुरू झाली! दिवा होताच. मग डॉक्टरांची डबी काढून मी आमची नीट जोडली. खरं निदान आलं. "टाकीतून वाफ गळते."

बायको मागे गेली, पेट्रोलच्या टाकीचं सैल झाकण पाहिलं आणि घट्ट पिळलं. टक्! टक्! मी 'दोष पुसा' दाबलं. कोंबडी उडाली!

"एवढंच होतं?" बायको म्हणाली.

"एवढं शोधणं हेच तर अवघड असतं!" मी म्हणालो. तिने बॉनेट आपटून बंद केलं. लग्नाला वर्षं झाली की अशी उत्तरं ऐकू येतात.

स्टेशनवर वेळेत पोचलो. सासूबाई मागे बायकोशेजारी बसल्या, बाबा पुढे. पट्टा लावायच्या आधी त्यांनी डॅशबोर्ड पाहिला आणि ते दचकले.

"दिवा नाही लागला?"

"कसला दिवा, बाबा?" मी भोळेपणाने विचारलं.

"अहो, इंजिनाचा! लेकीला नाही म्हणवेना, म्हणून किल्ली दिली. पण जाताना टाकीचं झाकण मुद्दाम सैल करून ठेवलं होतं. म्हटलं, दिवा दिसला की जावईबापू घाबरतील आणि आठवडाभर गाडीला शिवणार नाहीत!"

मागून बायकोच्या खोकल्याचा आवाज आला. खोकला नव्हता तो, हसू होतं.

"जावईबापू," बाबांनी मान माझ्याकडे वळवली, "इंजिनाला हात तर नाही ना लावलात?"

"छे! छे! मी कशाला हात लावतोय!" मी म्हणालो. तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळेकुट्ट होते, पण लपवू कुठे? स्टिअरिंग सोडता येत नव्हतं ना!