सगळ्यांना एकाच वेळी

ज्ञान सर्वांचे असते. म्हणूनच ते कुणा एकाला आधी सांगणे हा उरलेल्या सर्वांवर अन्याय होय. हे तत्त्व जगात पुष्कळ ठिकाणी बोलले जाते. पाळले जाते ते मात्र अमेरिकेच्या उत्तर डाकोटा राज्यातल्या एका नदी-संशोधन संस्थेत.

एके काळी या संस्थेतही शास्त्रज्ञ आपापले आकडे पोटाशी धरून बसत. कुणी मागितलेच तर 'योग्य कारण असल्यास मिळतील' असे उत्तर जाई. (एका विद्यार्थ्याला योग्य कारण सापडले होते, पण तोवर त्याचे केस पिकले होते.) मग संचालक डॉ. ब्रेके यांनी खुल्या विज्ञानाचे व्रत घेतले. पाऊस, बर्फ, नदीची पातळी, सगळे सगळ्यांना खुले. लपवाछपवी बंद आणि पक्षपातही बंद. कारण पूर्वी नदीकाठचा कुणी ओळखीचा माणूस फोन करून पाणी कुठवर येईल म्हणून विचारी, आणि शास्त्रज्ञ बिनदिक्कत सांगून टाकत. असल्या वशिलेबाजीला नव्या नियमावलीने चाप लावला.

नियमावली लिहिली होती संस्थेतल्याच अर्डिस टॉर्गर्सन हिने, आणि मनापासून लिहिली होती. हे सांगायलाच हवे, कारण पुढे जे झाले त्यात तिच्या चांगुलपणाचा मोठा वाटा आहे.

एप्रिलमधल्या एका सोमवारी तिच्या पडद्यावर अंदाज उमटला. नदी उत्तरेकडे वाहणारी; दक्षिणेकडचे बर्फ एकदम वितळले होते, उत्तरेला नदी अजून गोठलेली होती, आणि मधे अडकलेले पाणी बुधवारी सकाळी सेकंड स्ट्रीटच्या बांधावरून गावात शिरणार होते. बांधाला लागून पहिले घर तिच्या धाकट्या भावाचे, व्हर्लिनचे. बांधावर वाळूची पोती रचून घेण्याचे कामही गावाने त्याच्यावरच सोपवले होते. तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"काय गं, नदी काय म्हणतेय?"

"तू कसा आहेस?"

"बरा आहे. बर्फाच्या लाद्या पुलाला धडकायला लागल्यात. पोती भरायला घेऊ का? शाळा सोडून पोरं बोलवावी लागतील, उगाच नको राबवायला."

"अंदाज संकेतस्थळावर येईल."

"तुझ्यासमोर आहे ना आत्ता?"

"आहे."

"मग वाच की."

"तुला एकट्याला नाही वाचून दाखवता येत, व्हर्लिन. सगळ्यांना एकाच वेळी."

"मी सगळ्यांतच येतो की गं."

"येतोस. पण बाकीच्यांच्या आधी येतोयस."

व्हर्लिन म्हणाला, "लहानपणीही तू अशीच. केक कापायला पट्टी घेऊन बसायचीस. बरं, लवकर टाक."

अर्डिस कामाला जुंपली. माहिती खुली करायची तर त्या माहितीला वापराचा परवाना हवा, कायमचा क्रमांक हवा, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी नकाशाचे शब्दांत वर्णन हवे (हे कलम खरोखर चांगले होते), आणि दोन सहकाऱ्यांची संमती हवी. त्यातला एक माहिती झटपट खुली कशी करावी यावर भाषण द्यायला लिस्बनला गेला होता. शिवाय स्थानिकांचे मत. त्यासाठी व्हर्लिनलाच प्रश्न गेला: 'ही माहिती आपणास कितपत उपयोगी पडेल?' त्याने उलट लिहिले, 'मिळाली की सांगतो.' उत्तर अपूर्ण म्हणून ते परत गेले.

मंगळवारी तिने एकदा फोन उचललासुद्धा. मग खालच्या काठावरची एक म्हातारी आठवली, जिचा नंबर तिच्याकडे नव्हता, आणि तिने फोन खाली ठेवला. व्हर्लिनला सांगितले असते तर तो दारोदार फिरला असता आणि म्हातारीलाही कळले असते. पण माणसे एकमेकांना सांगतात, या शक्यतेचा विचार नियमावलीने केलेला नव्हता.

पाणी बुधवारी सकाळी आले. माहिती बुधवारी दुपारी खुली झाली.

जीव कुणाचा गेला नाही. म्हातारीला छपरावरून उतरवले. व्हर्लिन, त्याची बायको आणि कुत्रा खिडकीतून होडीत उतरले, तेव्हा हिवाळाभर पुरून उरलेले हरणाचे मांस फ्रीझरसकट तळघरात तरंगत होते. पुढे डॉ. ब्रेके रबरी बूट घालून आले आणि अंदाज किती तंतोतंत खरा ठरला हे पाहून भारावले. व्हर्लिनच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची पाण्याची रेघ आता संस्थेच्या माहितीत कायमची खुली आहे, आणि तिच्याखाली श्रेय म्हणून त्याचे नाव आहे. संस्थेला मोकळेपणाबद्दल पारितोषिक मिळाले.

उंचावरच्या चर्चच्या तळघरात पूरग्रस्तांना जेवण होते, तिथे अर्डिस भावासमोर येऊन बसली. तिला रडू आवरेना.

"सगळ्यांना सारखं वागवलंस, त्यात खोट नाही," तिच्या ताटात मांस-बटाट्याची हॉटडिश वाढत व्हर्लिन म्हणाला. "पण मला वाटलं होतं, आपली बहीण तिथे आहे."

एव्हाना तुम्हाला अर्डिसचा राग आला असेल, आणि तो रास्त आहे. तुमच्या गावावरच्या धरणातून किती पाणी सुटणार, याचे आकडेही कुठेतरी सर्वांसाठी खुले असतील. ते तुम्ही उघडून पाहिलेले नाहीत. वेळ आली की तुम्ही मेव्हण्याच्या ओळखीतला पाटबंधारे खात्यातला माणूस गाठाल, आणि तो माणुसकीने खरे काय ते सांगेलही. मग तुम्ही गाडी काढून चढावर नेऊन लावाल. शेजाऱ्याची गाडी खालीच उभी असेल, आणि त्याची झोपमोड करायची नाही, एवढा सभ्यपणा तुमच्यात नक्की आहे.