त्रूस उभी राहते काय?

नेदरलँड्समधल्या ड्रेंथच्या माळावर मोकळ्या फिरणाऱ्या चौदा झिपऱ्या गाईंची दर रविवारी सकाळी दहाला रीतसर पाहणी होते. हे काम बिनपगारी आणि सन्मानाचं असल्यामुळे एगबर्टकडे होतं. अडुसष्ट वर्षांचा गडी, जन्म गोठ्यात गेलेला. दुर्बिणीतून गाई मोजायच्या, चाल बघायची, शेण बघायचं, थर्मासमधली कॉफी प्यायची आणि घरी जायचं. दुर्बीण अशासाठी, की गाईंपासून पंचवीस मीटर दूर राहावं असा माळाची देखरेख करणाऱ्या मंडळाचा नियम होता.

मग एका सायकलवाल्या बाईंनी मंडळाला कळवलं, की एक गाय आडवी असून चेहऱ्याने उदास आहे. तातडीची बैठक झाली. एगबर्टच्या मोबाइलवर नवा तक्ता आला: 'गाय स्वतःहून उभी आहे काय? होय / नाही.' सलग तीन 'नाही' आले, की गाय कळपातून काढायची. काढून कुठे न्यायची हे तक्त्यात नव्हतं, पण खाटकाला माहीत होतं.

त्रूस कळपातली सगळ्यांत म्हातारी. दहापर्यंत तिचं पोट भरतं, मग ती बसून निवांत रवंथ करते. दोन रविवार, दोन 'नाही'. एगबर्टने मंडळाच्या हिलकेला फोन लावला.

"अगं, गाय आहे ती! रवंथ करणारच की!"

"काका, रवंथाचा रकाना नाहीये."

"मग अकराला जातो. तेव्हा उठते ती."

"तक्ता दहालाच उघडतो."

"हाकलून उठवू का?"

"पंचवीस मीटर, काका! आणि 'स्वतःहून' लिहिलंय, वाचलंत ना?"

"शेण घाल त्या तक्त्यावर!"

हिलकेने ती सूचना नोंदवून घेतली.

तिसऱ्या रविवारी त्रूस बसलेलीच. एगबर्ट खोकला, शिंकला, टोपी हलवली, चर्चमधलं एक गाणंही म्हणून झालं. त्रूसने त्याच्याकडे दयेने पाहिलं आणि रवंथ चालू ठेवला. सोळा वर्षांपूर्वी गारांच्या माऱ्यात ती जन्मली, त्या दिवसापासून तो तिला बघत होता. त्याला फार वाईट वाटलं. दुर्बीण बाजूला ठेवून तो जांभळ्या झुडपांत सपशेल आडवा झाला.

हे मात्र त्रूसने सोळा वर्षांत पाहिलं नव्हतं. ती स्वतःहून उठली, डुलत आली आणि त्याचा कान हुंगू लागली. गाईने माणसापासून किती दूर राहावं याबद्दल नियम नव्हता. एगबर्टने पडल्यापडल्याच 'होय' दाबलं. सुटली बिचारी! आनंदाने त्याच्या डोळ्यांना धार लागली आणि तो तसाच पडून राहिला.

पंचवीस मीटरांवर त्याच सायकलवाल्या बाई उभ्या होत्या.

"वयस्क नर," त्या टाइप करता करता पुटपुटत होत्या. "आडवा. डोळ्यांतून पाणी."

"अहो बाई, मी ठणठणीत आहे!"

"अधूनमधून आवाज करतो."

सोमवारी हिलकेचा फोन आला. "काका, तुमच्याही नावाने तक्ता उघडलाय. पहिला 'नाही' पडला. पुढचे दोन रविवार तेवढे उभे राहा बघू."

"आणि नाही राहिलो तर?"

"काढायचं, एवढंच लिहिलंय," हिलके हळूच म्हणाली.

योजना यशस्वी ठरल्यामुळे मंडळ आता ती घरोघरी नेणार आहे. तेव्हा वाचकहो, रविवारचं जेवण उरकून वामकुक्षी घेता घेता हे वाचत असाल, तर आधी पडदा ओढून घ्या. समोरच्या गच्चीत मघापासून कुणीतरी मोबाइल घेऊन उभं आहे.