भिवजी गव्याचं दुखणं शून्य

एका जंगलात, पोरांनो, एक दवाखाना होता. दवाखाना म्हणजे काय, एक बगळा होता आणि त्याला लांब चोच होती. काटा मोडला की त्याच्याकडे जायचं, तो चोचीनं उपसायचा, विषय संपला. पुढे बगळा कुठंतरी शिकून आला. तेव्हापासून तो आधी कागद भरून घ्यायला लागला.

भिवजी गव्याच्या खुरात काटा मोडला. पाय भोपळ्याएवढा सुजला. कळपाच्या मागं पडलो तर वाघ खाईल, एवढं त्याला कळत होतं. म्हणून तो दवाखान्यात गेला.

बगळ्यानं पायाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, तुम्हाला मुळात दुखतं किती, ते आधी मोजू. चाळीस प्रश्न होते. गरम तव्याला हात लागला असं समजा. दारात बोट चेंगरलं असं समजा. किती दुखेल? शून्य ते दहात सांगा.

भिवजीला ना हात, ना बोट. तवा तर त्याच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता. शिवाय गव्यांत एक रीत आहे. दुखलं तरी कण्हायचं नाही. कण्हलं की वाघाला पत्ता लागतो.

"काही नाही दुखत," भिवजी चाळीस वेळा म्हणाला.

त्याच्या आधी ससा बसला होता. अंगावर ओरखडा नाही, पण तव्याचं नाव काढताच त्याला रडू फुटलं. सगळीकडे दहा. लेपाचा अख्खा द्रोण घेऊन गेला मेला.

बगळ्यानं बेरीज केली. "अभिनंदन, भिवजीराव. तुमचं दुखणं शून्य."

"अहो डॉक्टर, पाय बघा की. पू येतोय."

"पू दिसतोय हो. पण तो प्रश्न कागदात नाही."

भिवजी म्हणाला, मग दहा लिहा. बगळा म्हणाला, दिलेलं उत्तर बदलणं शास्त्रात बसत नाही.

भिवजी लंगडत निघाला. कण्हला मात्र नाही. वाघानं लांबूनच ओळखलं. वाघ पडला अडाणी. त्यानं काही भरून घेतलं नाही, फक्त पायाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी कळपानं बगळ्याला जाब विचारला. त्यानं कागद पुढे केला.

"मेला असेल," तो म्हणाला, "पण दुखलं नसणार."

तात्पर्य : पोरांनो, दुखणं नुसतं अंगात असून भागत नाही, कागदावर यावं लागतं. तेव्हा न पाहिलेल्या तव्यानं भाजल्यासारखं रडायला आजच शिका. आणि तुमच्या पायाकडे नीट बघणारा कुणी हवाच असेल, तर त्या जंगलात तसा एक वाघच उरलाय.