यार्देनेच्या काठावर अडकलेलं लोणी

देवाच्या कृपेने सांगते, गर्वाने नाही: लोणी काढण्यात माझा हात धरेल असं अख्ख्या न्यू शाइलोत कुणी नाही! तसं न्यू शाइलोत आता उरलंयच काय म्हणा. एक चर्च, एक पाण्याची टाकी आणि आम्ही मूठभर म्हातारे. पण जुलैअखेरीस सगळ्यांची मुलं-नातवंडं गावी येतात आणि आम्ही त्यांना एक दिवस पूर्वजांसारखं जगायला लावतो. गुलामी संपल्यावर आमचे पणजोबा केंटकीहून कान्सासच्या या उघड्या माळावर आले. लाकूड मिळेना, तर जमिनीतच घरं खणून राहिले! त्यांच्या आठवणीसाठी पोरं दोर वळतात, लोखंडी फळीवर कपडे घासतात, चुलीसाठी रानशेण्या गोळा करतात. त्या वेळी शहरातल्या सुनांचे चेहरे बघावेत!

यंदा माझी नात झुरी डेन्व्हरहून आली तीच फुरंगटून.

"आजी, हे शेवटचं हं! पुढच्या वर्षी मी पोहण्याच्या शिबिराला जाणार."

माझ्या आजीची लोणी काढायची बरणी मी इतकी वर्षं पोटच्या पोरीसारखी जपली, ती कुणासाठी? आजी त्या बरणीत दांडा वर-खाली करत भजन म्हणायची, आणि मी तिच्या पायाशी बसून लोण्याची वाट बघायची. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पहिल्यांदा छपछप, मग जड धबधब. धबधब आलं की लोणी आलं!

ठरवलं, झुरीलाही असंच गाण्यावर घुसळायला लावायचं. आणि गाणारा कोण? आमच्या चर्चचे रेव्हरंड पर्व्हिस! ते बोलायला लागतात साधंच, पण बोलता बोलता सूर लागतो, आवाज चढतो, आणि मग ते प्रवचन राहत नाही, स्वर्गाचं दार उघडतं! मी तर त्यांच्यासाठी भर हिमवर्षावात गाडी काढते.

माझी नणंद ओझेला चुलीवर मक्याचा पाव भाजायला बसली होती. ती म्हणाली, "वहिनी, रेव्हरंडना सुरू करणं सोपं आहे. थांबवणार कोण?"

"मी! लोणी आलं की रुमाल हलवीन. सांगून ठेवलंय त्यांना. तुम्ही तुमचा पाव सांभाळा, वन्सं!"

अंगणात बाकं मांडली. झुरीने तोंड वाकडं करत दांडा धरला. रेव्हरंडनी बायबलातली गोष्ट घेतली: गुलामीतून सुटलेल्या इस्राएलच्या लेकरांना रानातून चालवत आणलं, यार्देन नदीच्या काठावर उभं केलं. पलीकडे देवाने कबूल केलेला दुधामधाचा देश!

"नदी खोल आहे!" रेव्हरंड गायले.

छप! बरणी म्हणाली.

"पण देव मोठा आहे!"

छप!

झुरीचे डोळे चमकले! पोरगी तालात आली. तिला वाटलं रेव्हरंडना साथ द्यायची. रेव्हरंडना वाटलं बरणी दाद देतेय. ते चढले तशी ती चढली, ती चढली तसे ते चढले. आणि मी? मी डोळे मिटून डोलत होते. "बोला, रेव्हरंड! बोला!"

"आजी, आवाज बदलला!" झुरी ओरडली.

"आमेन!" मी म्हटलं.

"आजी, हात तुटायला आले!"

"आमेन!" सगळी बाकं म्हणाली.

मग कानात शिरलं. धबधब! लोणी कधीचंच आलं होतं! मी घाईघाईने रुमाल काढला आणि हलवला.

आता माझ्या अकलेचा उजेड बघा. आमच्या चर्चमध्ये रुमाल कधी हलवतात? प्रवचन काळजाला भिडलं की! माझा रुमाल दिसताच पहिल्या बाकावरच्या बायांनी रुमाल काढले. मागून टोप्या उडाल्या, हातपंखे हलले. ओझेला चूल सोडून धावत आली आणि अ‍ॅप्रनच हलवू लागली! रेव्हरंडना बिचाऱ्यांना त्या पांढऱ्या पुरात माझा रुमाल कुठून ओळखू येणार? पलीकडे जायला निघालेली इस्राएलची लेकरं त्यांनी पुन्हा काठावर आणून उभी केली!

"थांबा!" मी दोन्ही हातांनी रुमाल फिरवत ओरडले.

"थांबा!" रेव्हरंडनी सुरात उचललं. "देवासाठी थांबा!"

"थांबा!" सगळे गायले.

शेवटी झुरीनेच निकाल लावला. तिने सगळा जोर लावून दांडा बरणीबाहेर उपसला आणि झेंड्यासारखा उंच धरला. टोकाला हा एवढा लोण्याचा गोळा! ताल तुटला. बरणीशेजारी उभे असलेले रेव्हरंड थबकले. आणि गोळा सावकाश घसरत त्यांच्या नव्या काळ्या बुटावर बसला. थप्प!

मग करपल्याचा वास.

"माझा पाव!" ओझेला किंचाळली.

बरणीच्या तळाशी उरलेलं लोणी आम्ही त्या कोळशाला लावून खाल्लं. माझ्या आजीच्या हातचं असायचं अगदी तसंच लागलं. डोळ्यांत पाणी आलं ते धुरामुळे असं मी सगळ्यांना सांगितलं.

झुरी बोटं चाटत माझ्या शेजारी येऊन बसली. "पुढच्या वर्षी मी येणार."

"लोणी काढायला?" माझा जीव हरखला.

"छे! ते तू काढ. रुमाल माझ्याकडे राहील. तुझा काही भरवसा नाही."

तेवढ्यात बूट पुसत रेव्हरंड आले, आणि हळूच म्हणाले, "भगिनी व्हर्लीन, नदी ओलांडायची राहिलीच हो. जेवणानंतर घेऊ या का?"

नातीने माझा हात घट्ट दाबला. पण तोंड माझं ना!

"आमेन!"